उत्सर्जन निम्म्यावर, अर्थव्यवस्था पावणेदोनपट: ब्रिटनचा हिशोब समजून घेऊ

३० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन ठिकाणची आग विझली. नॉटिंगहॅमशायरमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे देशातलं कोळशावरचं शेवटचं वीज केंद्र बंद झालं. १८८२ साली लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर कोळसा जाळून वीज बनायला सुरुवात झाली होती. १४२ वर्षांनी तो अध्याय मिटला. त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टॅलबट गावी टाटा स्टीलच्या कारखान्यातली, खनिजातून लोखंड काढणारी शेवटची झोतभट्टी थंड झाली. पहिल्या बातमीचं जगभर कौतुक झालं. दुसरीने एका गावातल्या हजारो घरांच्या चुलीवर घाला घातला.

ब्रिटन सरकारचा दावा असा आहे: १९९० ते २०२२ या काळात आम्ही उत्सर्जन सुमारे ५० टक्क्यांनी कमी केलं आणि त्याच काळात अर्थव्यवस्था ७९ टक्क्यांनी वाढवली, बड्या अर्थव्यवस्थांमध्ये हे करणारे आम्ही पहिले. हे ऐकून कोणी म्हणतं, बघा, विकास आणि पर्यावरण हातात हात घालून चालू शकतात. कोणी म्हणतं, कारखाने चीन-भारतात पाठवले आणि आता स्वच्छतेच्या गप्पा मारतात. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं सापडतं, म्हणूनच हा हिशोब एकदा वही उघडून तपासायला हवा. घट खरी आहे, यात शंका नाही. पण ती श्रीमंतीच्या मागोमाग आपोआप आलेली नाही. जिथे कायदा झाला, दर लागला, मुदत ठरली, तिथे ती आली. जिथे यातलं काही झालं नाही, तिथे तोच श्रीमंत देश आजही घाण करतो आहे.

## फारकत म्हणजे काय

उत्सर्जन म्हणजे हवा तापवणाऱ्या वायूंचं बाहेर पडणं. त्यात कार्बन डायऑक्साइड मुख्य. पण कचऱ्यातून आणि गुरांच्या पोटातून येणारा मिथेन, खतांतून आणि काही कारखान्यांतून येणारा नायट्रस ऑक्साइड हेही धरतात. प्रत्येक वायूची हवा तापवण्याची ताकद वेगळी. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, नायट्रस ऑक्साइड सुमारे २७० पट. सगळे वायू त्या पटीने गुणून एकाच मापात आणतात. पुढे ‘टन’ म्हटलं आहे तिथे हे माप समजावं.

पूर्वी समीकरण सरळ होतं: उत्पादन वाढलं की कोळसा जास्त जळणार, उत्सर्जन वाढणार. हे दोन आकडे एकमेकांपासून सुटे होतात तेव्हा त्याला आपण फारकत म्हणू. अर्थव्यवस्था ६ टक्क्यांनी वाढली आणि उत्सर्जन ४ टक्क्यांनी वाढलं, तर ती अर्धी फारकत. अर्थव्यवस्था वाढली आणि उत्सर्जन प्रत्यक्षात खाली आलं, तर ती पुरी. भारतात आज अर्धी फारकत आहे. ब्रिटनमध्ये पुरी आहे. स्वीडन, डेन्मार्क, जर्मनी, फ्रान्स हेही त्याच रांगेत आहेत.

## चार आकड्यांचा गुणाकार

एखाद्या घराचा महिन्याचा पेट्रोलखर्च कशावर ठरतो? घरात माणसं किती, प्रत्येकाला फिरायचं किती, गाडी लिटरला किती किलोमीटर देते, आणि गाडीत घातलेलं इंधन कोणतं. देशाचं उत्सर्जनही असंच चार आकड्यांच्या गुणाकारातून येतं: लोकसंख्या, माणशी उत्पन्न, एक पौंड कमवायला लागणारी ऊर्जा, आणि त्या ऊर्जेच्या एका मापामागे निघणारा कार्बन.

१९९० पासून ब्रिटनची लोकसंख्या ५ कोटी ७० लाखांवरून ६ कोटी ९० लाखांवर गेली, म्हणजे १.२ पट. माणशी उत्पन्न ढोबळमानाने दीडपट झालं. हे दोन आकडे उत्सर्जन वर ढकलणारे. त्यांचाच गुणाकार १.८ होतो. एका पौंडामागे लागणारी ऊर्जा मात्र निम्म्याहून खाली आली, आणि ऊर्जेच्या एका मापामागचा कार्बन सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला. चौघांचा गुणाकार ०.४६ च्या आसपास येतो. १९९० साली सुमारे ८० कोटी टन होते, २०२४ मध्ये ३७ कोटी टन.

एका पौंडामागची ऊर्जा का घटली? थोडं कारण म्हणजे अवजड उद्योग आक्रसले आणि बँका, विमा, सॉफ्टवेअर, शिक्षण वाढलं. पण बरंच श्रेय बारीकसारीक नियमांचं आहे, ज्यांची बातमी कधी होत नाही. एप्रिल २००५ पासून घर तापवायचा नवा बॉयलर ‘कंडेन्सिंग’ प्रकारचाच बसवायचा, असा इंग्लंडमध्ये नियम झाला. जुन्या बॉयलरच्या धुराड्यातून गरम वाफ तशीच बाहेर जायची. नव्यात त्या वाफेचं पाणी केलं जातं आणि त्यातून सुटणारी उष्णता परत घरात वळवली जाते. कार्यक्षमता ७०-७५ टक्क्यांवरून ९० च्या घरात जाते. फ्रिजवरच्या ताऱ्यांसारखी मानांकनं, तारेच्या दिव्यांवर आलेली बंदी, भिंतींच्या पोकळीत भरलेलं उष्णतारोधक साहित्य, या सगळ्यांचा परिणाम असा झाला की २००५ नंतरच्या दोन दशकांत देशाचा एकूण वीजवापर जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी झाला. दिवे, टीव्ही, संगणक वाढत असताना.

## कोळसा नेमका गेला कसा

१९९० मध्ये वीजनिर्मितीतून सुमारे २० कोटी टन उत्सर्जन होत होतं. आता ते ४ कोटी टनांच्या आसपास आहे. देशाच्या एकूण घटीतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा या एका क्षेत्राने उचलला, म्हणून तिथे जरा थांबू.

पहिली पायरी पर्यावरणासाठी चढलेलीच नव्हती. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपानंतर कोळसा उद्योग मोडत गेला, १९९० मध्ये वीज खासगी कंपन्यांकडे गेली, आणि उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू स्वस्तात मिळू लागला. वायूवरची केंद्रं लवकर आणि कमी पैशात उभी राहतात, म्हणून कंपन्यांनी ती धडाधड उभारली. कोळशातून एका युनिटला सुमारे ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, वायूच्या चांगल्या केंद्रातून ३७० च्या आसपास. ही घट अनायासे झाली, असं मोकळेपणाने म्हणावं लागेल.

दुसरी पायरी गंधकाची. २००१ च्या युरोपीय नियमाने मोठ्या केंद्रांपुढे दोन पर्याय ठेवले: धुरातला गंधक धुणारी महागडी यंत्रणा बसवा, किंवा २००८ पासून फक्त २० हजार तास चालवा आणि २०१५ अखेर कायमचं टाळं लावा. अनेक जुन्या केंद्रांनी दुसरा पर्याय घेतला. आणि इथे एक उलटाच प्रकार झाला. २०१२ च्या सुमाराला वायू महाग होता आणि अमेरिकेतला कोळसा स्वस्त आला होता. केंद्रांनी उरलेले तास भराभर वापरून घेतले आणि विजेतला कोळशाचा वाटा घटण्याऐवजी ४० टक्क्यांच्या आसपास चढला. मुदत ठरली होती, पण तोवर जाळण्याला किंमत नव्हती.

ती किंमत एप्रिल २०१३ मध्ये आली. युरोपात उत्सर्जनाचे परवाने विकले जातात त्या बाजारात कार्बनचा दर कोसळलेला होता, म्हणून ब्रिटनने वीजनिर्मितीवर स्वतःचा जादा कार्बनकर लावला आणि तो वाढवत टनामागे १८ पौंडांवर नेला. एका युनिटला याचा अर्थ काय? कोळशाच्या युनिटमागे ९०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १.६ पेन्स कर (१०० पेन्सचा एक पौंड). वायूच्या युनिटमागे ३७० ग्रॅम, म्हणजे ०.७ पेन्सपेक्षा कमी. फरक एका पेन्सचा. त्या वेळी घाऊक बाजारात वीज ४ पेन्सच्या आसपास विकली जात होती. चार पेन्सच्या धंद्यात एक पेन्स म्हणजे नफातोट्याची सीमारेषाच. वायूची केंद्रं आधीच उभी होती, क्षमतेच्या बरीच खाली चालत होती; नवीन काही बांधायची गरज नव्हती. वीजबाजारातल्या रोजच्या बोलीत कोळसा मागे पडला. २०१५ मध्ये विजेतला त्याचा वाटा २२ टक्के होता, २०१६ मध्ये ९. एका वर्षात! २१ एप्रिल २०१७ हा औद्योगिक क्रांतीनंतरचा पहिला पूर्ण दिवस, ज्या दिवशी ब्रिटनच्या ग्रिडला कोळशाची वीज लागलीच नाही.

तिसरी पायरी तारखेची. २०१५ च्या नोव्हेंबरात सरकारने जाहीर केलं की २०२५ पर्यंत कोळशाची सगळी केंद्रं बंद होतील; पुढे ती मुदत १ ऑक्टोबर २०२४ वर आणली. नऊ वर्षं आधी तारीख कळल्यामुळे कंपन्यांना नवी गुंतवणूक टाळता आली आणि कामगारांच्या निवृत्तीचं, दुसऱ्या कामाच्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक आखता आलं. रॅटक्लिफ २००० मेगावॉटचं होतं. तुलनेसाठी, आपलं चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं आहे.

या सगळ्याच्या वर छत्र म्हणून २००८ चा हवामान बदल कायदा आहे. सरकारने दर पाच वर्षांसाठी उत्सर्जनाची कमाल मर्यादा बारा वर्षं आधी कायद्याने ठरवायची, आणि स्वतंत्र तज्ज्ञ समितीने दरवर्षी संसदेपुढे प्रगतिपुस्तक ठेवायचं. २०१९ मध्ये २०५० चं लक्ष्य ८० टक्के घटीवरून ‘निव्वळ शून्य’ झालं: जितकं सोडू तितकं शोषून घेऊ.

## वाऱ्याच्या विजेला हमीभाव

कोळशाची जागा आधी वायूने आणि मग वाऱ्याने घेतली. समुद्रातली पवनचक्की उभारायला सगळा पैसा पहिल्या दिवशी लागतो. नंतर वारा फुकट. म्हणून कर्ज देणाऱ्या बँकेची एकच चिंता असते: पंधरा वर्षं विजेला भाव काय मिळेल?

यावरचा तोडगा शेतकऱ्याला लगेच कळेल असा आहे. सरकार लिलाव करतं, कंपन्या सांगतात की आम्हाला युनिटला अमुक भाव मिळाला तर पुरे. सर्वांत कमी मागणाऱ्यांशी करार होतो; २०२४ च्या लिलावापर्यंत तो पंधरा वर्षांचा असे. बाजारभाव त्याखाली गेला तर फरक कंपनीला मिळतो. आपल्या हमीभावापेक्षा वेगळं इतकंच की बाजारभाव वर गेला तर कंपनीने फरक परत भरायचा. २०२२ मध्ये वायूच्या किमती भडकल्या तेव्हा काही पवन प्रकल्पांनी खरोखर पैसे परत केले.

२०१५ च्या लिलावात समुद्री वाऱ्याचा भाव २०१२ च्या किमतींत युनिटला साडेअकरा ते बारा पेन्स होता. २०१९ मध्ये तो ४ पेन्सच्या आसपास आला. चक्क्या मोठ्या झाल्या, जहाजं आणि बंदरं सरावली, कर्ज स्वस्त होतं. मग २०२३ मध्ये सरकारने कमाल भाव ४.४ पेन्स ठेवला. पोलाद महागलं होतं, व्याजदर चढले होते. समुद्री वाऱ्यासाठी एकही बोली आली नाही. अख्खं वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षी कमाल भाव ७.३ पेन्स केला आणि करार ५.४ ते ५.९ पेन्सना झाले. जुन्या स्वस्ताईच्या आकड्यावर अडून बसलं तर कामच थांबतं, हा धडा यातून मिळाला.

वारा पडला तर? तेव्हा वायूची केंद्रं चालतात, समुद्राखालच्या केबलींतून फ्रान्स-नॉर्वेची वीज येते, काही तासांची उणीव बॅटऱ्या भरतात. आठवडाभर वारा पडलेल्या हिवाळ्यात मात्र अजूनही वायूलाच पर्याय नाही. दुसरी अडचण कमी माहितीतली आहे. कोळशाच्या केंद्रातलं शेकडो टनांचं जनित्र फिरत असतं. अचानक तुटवडा आला तरी त्याचा वेग एकदम पडत नाही, सावरायला काही सेकंद मिळतात. ९ ऑगस्ट २०१९ ला आकाशातली वीज कोसळल्यानंतर एक वायू केंद्र आणि एक समुद्री पवन प्रकल्प पाठोपाठ ग्रिडमधून सुटले, वारंवारिता (प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं) ५० वरून ४८.८ हर्ट्झवर आली आणि दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. त्यानंतर वीज न बनवता नुसतीच फिरत राहणारी अवजड चाकं ग्रिडला जोडण्याच्या कामाला वेग आला.

## “पण कारखानेच बाहेर पाठवले ना?”

सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे. समजा एका घरात आधी दोन वेळचा स्वयंपाक व्हायचा, सिलिंडर महिनाभर पुरायचा. आता दुपारचा डबा खानावळीतून येतो आणि सिलिंडर दोन महिने जातो. घराने गॅस वाचवला का? घरच्या शेगडीवर पाहिलं तर हो. पण डब्यातली पोळी कुठेतरी गॅसवरच भाजली गेली आहे.

देशांचा अधिकृत हिशोब घरच्या शेगडीचा असतो: आपल्या सीमेत जे निघालं तेवढंच मोजायचं. डब्याचा गॅस मोजणारा दुसरा हिशोबही ब्रिटन सरकार प्रसिद्ध करतं. त्यात आयात केलेल्या मोबाइल, कपडे, पोलाद यांच्यामागचं उत्सर्जन मिळवतात आणि निर्यातीमागचं वजा करतात. त्या हिशोबाने ब्रिटनचं ओझं अधिकृत आकड्यापेक्षा पुष्कळ मोठं आहे, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास परदेशांत निघतं. १९९० नंतर बरीच वर्षं हा आकडा वाढतच होता. २००७ च्या आसपास शिखर गाठून तो उतरू लागला. उतार आहे, पण अधिकृत आकड्याइतका मोठा नाही.

तेव्हा ‘सगळं बाहेर पाठवलं’ हे मात्र टिकत नाही. विजेतली १६ कोटी टनांची घट बाहेर पाठवता येत नाही. लंडनमधला दिवा लंडनमध्येच जळतो. कचऱ्याचंही तसंच. १९९६ मध्ये कचरा जमिनीत पुरण्यावर टनाला ७ पौंड कर लागला, तो वाढत वाढत २०२५ मध्ये १२६ पौंडांवर गेला. ओला कचरा पुरणं परवडेनासं झालं आणि मिथेन घटला. (त्याची किंमतही आहे: रस्त्याकडेला चोरून कचरा टाकणारे वाढले, आणि इंग्लंडमधल्या पालिकांचा जवळपास निम्मा कचरा आता जाळला जातो.) टीसाइडमधल्या नायलॉनचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्याने १९९८ मध्ये नायट्रस ऑक्साइड नष्ट करणारी यंत्रणा बसवली, तेवढ्याने देशाचा आकडा ठळकपणे खाली आला. २७० पट ताकदीचा वायू अडवण्याचा हा फायदा.

पोलादाचं मात्र खानावळीसारखंच आहे. झोतभट्टीत लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला दगडी कोळशाचा कोक लागतो. एक टन पोलादामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. पोर्ट टॅलबटची भट्टी विझल्याने ब्रिटनच्या वहीतून वर्षाला सुमारे ५० लाख टन कमी झाले, देशाच्या उत्सर्जनाचा दीड टक्का. गावातल्या कामगारांपैकी सुमारे अडीच हजारांचं काम गेलं. तिथे आता १२५ कोटी पौंडांची, त्यातले ५० कोटी सरकारचे, इलेक्ट्रिक आर्क भट्टी उभी राहते आहे. ती खनिज घेत नाही. विजेच्या ठिणगीने भंगार वितळवते आणि टनामागे अर्ध्या टनाच्या आतच कार्बन सोडते. ती सुरू होईपर्यंत मधल्या काळासाठी कंपनीने नेदरलँड्स आणि भारतातल्या आपल्याच कारखान्यांतून पोलादाचे ठोकळे आणि गुंडाळ्या आणून वेल्समध्ये पुढचं काम करायची योजना केली. भारतातून गेलेल्या ठोकळ्यामागचा धूर भारताच्या वहीत चढतो. कंपनी एकच, मुख्यालय मुंबईत, पोलाद तेच. बदलली ती फक्त वही.

आर्क भट्टीतही एक मेख आहे. मोडक्या गाड्यांच्या भंगारात मोटारीतल्या तारांचं तांबं राहतं आणि वितळलेल्या पोलादातून ते काढता येत नाही. तांब्याचं प्रमाण ०.१ ते ०.२ टक्क्याच्या पुढे गेलं की लाटताना पत्र्याच्या पृष्ठभागाला चिरा पडतात. म्हणजे गाडीच्या दरवाजाचा, डब्याचा गुळगुळीत पत्रा हवा असेल तर भंगार निवडून, तारा उपसून घ्यावं लागतं किंवा शुद्ध लोखंडाची भर घालावी लागते. ब्रिटन दरवर्षी लाखो टन भंगार तुर्कस्तान, भारत, बांगलादेश अशा देशांना विकतो. आता तेच त्याला घरी लागणार आहे.

## वहीच्या फटीतून निसटणारं

यॉर्कशायरमधल्या ड्रॅक्स केंद्राचे सहापैकी चार संच कोळशाऐवजी लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या जाळतात. गोळ्या मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातून जहाजाने येतात. धुराड्यातून वर्षाला १ कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, पण ब्रिटनच्या वहीत वीजनिर्मितीच्या रकान्यात शून्य लिहिलं जातं. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की झाड तोडलं तिथेच, तोडणाऱ्या देशाच्या जमिनीच्या हिशोबात, ते उत्सर्जन धरायचं. नियम एकच गोष्ट दोनदा मोजली जाऊ नये म्हणून केला आहे. मात्र हवेला वही कळत नाही. तोडलेलं झाड पुन्हा वाढायला काही दशकं लागतात, आणि धूर आज निघतो. ड्रॅक्सला ‘हरित’ वीज म्हणून मोठं अनुदान मिळत आलं, ते माझ्या मते समर्थनीय नव्हतं.

आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजंही राष्ट्रीय बेरजेत येत नाहीत. ब्रिटनने २०३३ पासूनच्या मर्यादेत ती धरायचं ठरवलं आहे, हे चांगलं.

## “श्रीमंत झाल्यावर स्वच्छता आपोआप येते”

अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध कल्पना आहे: देश गरीब असताना प्रदूषण कमी, उद्योग वाढले की जास्त, आणि पुरेसा श्रीमंत झाला की पुन्हा कमी. आलेख उलट्या वाटीसारखा. सायमन कुझनेट्स यांनी विषमतेबद्दल मांडलेल्या विचारावरून तिला पर्यावरणाचा कुझनेट्स वक्र म्हणतात. ब्रिटनची हवा पाहिली तर ती पटते. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाचं दाट धुकं बसलं; तेव्हाच्या मोजणीने ४ हजार, नंतरच्या अभ्यासांनी १२ हजारांपर्यंत बळी सांगितले. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९७० पासून आजवर गंधकाचं प्रदूषण सुमारे ९८ टक्क्यांनी घटलं.

आता नद्या पाहा. देश तोच, श्रीमंती तीच. इंग्लंडमधल्या नद्यांपैकी १४ टक्केच पर्यावरणाच्या दृष्टीने चांगल्या स्थितीत असल्याचं सरकारी मोजणी सांगते. अनेक शहरांत पावसाचं पाणी आणि संडासाचं पाणी एकाच नळातून वाहतं. मोठा पाऊस आला की नळ तुंबतो, आणि मैला घरांत उलटा येऊ नये म्हणून नदीत सोडायला ठिकठिकाणी तोंडं ठेवलेली आहेत. इंग्लंडमध्ये साडेचौदा हजारांच्या आसपास. ती क्वचित उघडावीत अशी अपेक्षा होती. २०२४ मध्ये ती सगळी मिळून ३६ लाख तास उघडी राहिली. लोकसंख्या वाढली, अंगणं काँक्रीटची झाली, नळ मात्र जुनेच राहिले. सर्व तोंडांवर मोजमाप यंत्रं बसायला २०२३ साल संपावं लागलं, म्हणजे त्याआधी पूर्ण चित्र कोणाकडेच नव्हतं.

लंडनने उत्तर शोधलं, तेही १८५८ च्या ‘महादुर्गंधी’नंतर बांधलेल्या गटारांना दीडशे वर्षं झाल्यावर: थेम्सखाली २५ किलोमीटर लांब, ७.२ मीटर रुंद बोगदा, जो मैला धरून ठेवतो आणि पाऊस ओसरला की शुद्धीकरणाला पाठवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पूर्ण जोडला गेला. बाकीच्या नद्यांच्या नशिबी असा बोगदा नाही. वेल्सच्या सीमेवरच्या वाय नदीच्या खोऱ्यात तर गटारापेक्षा मोठा प्रश्न कोंबड्यांच्या खताचा आहे. दोन कोटींच्या आसपास कोंबड्या, आणि त्यांच्या विष्ठेतला फॉस्फरस पावसाबरोबर नदीत उतरून शेवाळ माजतं. त्या फॉस्फरसवर टनाला १८ पौंडांसारखा कोणताही दर लागलेला नाही.

## उरलेलं अर्धं अवघड का

वीज केंद्रं काही डझन होती. त्यांचे मालक हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. आता जे उरलं आहे ते कोट्यवधी घरांत आणि गाड्यांत विखुरलेलं आहे. एकूण उत्सर्जनातला सुमारे ३० टक्के वाटा वाहतुकीचा, पाचवा हिस्सा इमारतींचा. बहुसंख्य घरं वायूच्या बॉयलरवर तापतात.

पर्याय आहे हीट पंप. तो म्हणजे उलटा बसवलेला एसी: बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. एक युनिट वीज घेऊन तीन युनिट उष्णता देतो. तरीही लोक तो का घेत नाहीत? २०२४ अखेरच्या नियंत्रित दरांनी वीज युनिटला साडेचोवीस पेन्स होती, वायू सव्वासहा. हीट पंपाची उष्णता २४.५ भागिले ३, म्हणजे ८.२ पेन्सना पडते. बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ६.९ पेन्सना. यंत्र तिप्पट काम करतं आणि तरी बिल वाढतं! पंपाने एकाला चार युनिट दिली तर हिशोब फिरतो, ६.१ पेन्स. पण त्यासाठी पाणी ७० ऐवजी ४५ अंशांवर फिरवावं लागतं, आणि कोमट पाण्याने खोली तापवायला रेडिएटर मोठे लागतात, भिंती चांगल्या झाकलेल्या लागतात. घाईने जुन्याच रेडिएटरांना पंप जोडला की घर थंड राहतं आणि मालक शेजाऱ्यांना सांगतो, घेऊ नका. ७५०० पौंडांचं अनुदान आहे, तरी वेग मंद आहे तो यामुळे.

वीज इतकी महाग का, याचं उत्तर बाजाराच्या रचनेत आहे. दर अर्ध्या तासाची गरज भागवायला शेवटी ज्या केंद्राची वीज घ्यावी लागते, त्याचा भाव घाऊक बाजारात सगळ्यांना मिळतो. ते केंद्र बहुतेक वेळा वायूचं असतं. त्यावर हरित योजनांच्या खर्चाचा बोजा वायूच्या बिलापेक्षा विजेच्या बिलावर जास्त टाकलेला होता. स्वच्छ इंधनावर जास्त कर आणि मळक्यावर कमी, ही घडी आधी उलटायला हवी. हवामान कायद्याखालची तज्ज्ञ समिती हे वर्षानुवर्षं सांगते आहे.

## आपल्यापर्यंत पोहोचणारा धागा

ब्रिटिश माणसामागे आज वर्षाला साडेपाच टनांच्या आत उत्सर्जन आहे. भारतीयामागे तीन टनांच्या आसपास. औद्योगिक क्रांतीपासून जगाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमधला ४ टक्क्यांहून अधिक वाटा जगाच्या एक टक्का लोकांच्या या देशाचा आहे. त्यामुळे ब्रिटनने आपल्याला उपदेश करू नये, हा राग समजण्यासारखा आहे. पण पुढची गोष्ट उपदेशाची राहिलेली नाही, जकातीची आहे.

खानावळीचा आक्षेप ब्रिटननेच मान्य केला आहे. १ जानेवारी २०२७ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं आणि हायड्रोजन आयात करताना त्यामागच्या कार्बनवर सीमेवर कर लागणार आहे. युरोपीय संघाचा असाच कर २०२६ पासून लागू आहे. भारतीय पोलादामागे टनाला सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. समजा ब्रिटनमधला कार्बनचा दर टनाला ५० पौंड आहे, तर एका टन पोलादामागे १२५ पौंड. त्यातून ब्रिटिश कारखान्यांना मिळते तितकी सूट वजा. कारखान्याने आपली भट्टी, कोळसा, वीज यांचा तपासून घेतलेला हिशोब दिला नाही, तर ठरावीक आकडा धरून कर लावतात आणि चांगल्या कारखान्याचंही त्यात नुकसान होऊ शकतं. म्हणून निर्यात करणाऱ्याने आत्तापासून प्रत्येक संचाचा इंधन आणि विजेचा वापर वेगळा नोंदवायला सुरुवात करावी. वर्षाअखेरीच्या एकत्रित बिलातून हे नंतर काढता येत नाही.

या करात एक तरतूद आहे, जिच्याकडे दिल्लीचं आणि उद्योगांचं लक्ष लागलं आहे. माल जिथे बनला त्या देशात कार्बनवर दर भरला असेल, तर तो ब्रिटनच्या करातून वजा होतो. भारताने कार्बन क्रेडिट व्यापार योजना (ठरल्यापेक्षा कमी उत्सर्जन करणाऱ्याने मिळालेली क्रेडिटं इतरांना विकायची) २०२३ मध्ये अधिसूचित केली. तिच्यात पोलादाच्या टनामागे प्रत्यक्ष किती रुपये मोजावे लागतात, त्यावर ठरेल की तो पैसा भारतातच राहून इथल्या भट्ट्या बदलायला लागेल की लंडनच्या तिजोरीत जाईल.